लिलावातील विक्रेत्यांसाठी ऑनलाइन पेमेंट सेवा : जाहीर दर आणि प्रत्यक्ष कपात

लिलावाच्या संकेतस्थळांवर वस्तू विकणाऱ्यांना ज्या ऑनलाइन पेमेंट सेवा उपलब्ध आहेत, त्यांचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावली आहे : खरेदीदाराने जी रक्कम मोजली, तिच्यातली किती विक्रेत्याच्या बँक खात्यात पोहोचली. जाहिरातीतला टक्का, ॲपची मांडणी किंवा खाते उघडण्याचा वेग यांना मी दुय्यम मानतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून जी मंडळी टपाल तिकिटे, प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेले लिफाफे), अलीकडची स्मारक नाणी, गोकाकची लाकडी खेळणी किंवा अथणीकडच्या कोल्हापुरी चपला बोलीवर विकतात, त्यांचा एकेक व्यवहार बहुधा हजार-दोन हजार रुपयांचा असतो. एवढ्या लहान रकमेत जाहीर दर आणि प्रत्यक्ष कपात यांच्यातली तफावत कधी कधी सगळा नफा गिळून टाकते.

लिलावात ही तफावत अधिक झोंबते, याला कारण आहे. दुकानदार आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवतो आणि शुल्क त्या किमतीत आधीच धरू शकतो. लिलावात मात्र बोली लावणारे जमावेत म्हणून सुरुवातीची किंमत कमी ठेवावी लागते, आणि वस्तू कितीला सुटेल हे शेवटच्या मिनिटापर्यंत कळत नाही. वस्तू सुटल्यावर कपात अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, तर ती भरून काढायला विक्रेत्यापाशी काहीच उरलेले नसते.

जुन्या विक्रेत्यांना ईबे या परदेशी लिलाव संकेतस्थळाची भारतातील शाखा आणि तिची पैसापे ही पेमेंट सेवा आठवत असेल. बाझी हे भारतीय संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले, २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. पुढे १ एप्रिल २०२१ पासून पेपालनेही भारतातल्या भारतात होणारे व्यवहार थांबवले आणि येथील विक्रेत्यांसाठी ती सेवा केवळ परदेशातून येणाऱ्या पैशापुरती उरली. त्यामुळे आज देशातील खरेदीदाराचे पैसे यूपीआयने किंवा एखाद्या पेमेंट गेटवेमार्फत (कार्ड, यूपीआय अशा मार्गांनी आलेले पैसे स्वीकारून देणाऱ्या मध्यस्थ सेवेमार्फत) घ्यायचे आणि परदेशातील खरेदीदाराचे पैसे लिलाव संकेतस्थळाच्या स्वतःच्या व्यवस्थेतून, पेपालसारख्या सेवेतून किंवा थेट बँकेतून मागवायचे, एवढेच मार्ग शिल्लक आहेत.

परदेशी व्यवहारापासून सुरुवात करतो, कारण खरी गळती तिथेच आहे. या सेवांचे शुल्क सहसा दोन भागांत असते : एकूण रकमेवर काही टक्के आणि शिवाय प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कम. समजा, हा दर ४.४ टक्के अधिक ३० सेंट असा आहे, वस्तू २० डॉलरला सुटली आणि परदेशी टपालाचे ८ डॉलर खरेदीदाराने वेगळे दिले. शुल्क २० डॉलरवर नव्हे, तर २८ डॉलरवर लागते. म्हणजे १ डॉलर २३ सेंट आणि वरचे ३० सेंट मिळून सुमारे १ डॉलर ५३ सेंट गेले. टपालाचे पैसे विक्रेत्याचे उत्पन्न नाही, ते टपाल खात्याच्या खिडकीवर जसेच्या तसे भरायचे असतात, तरीही त्यांच्यावर टक्केवारी कापली जाते. ईबेसारख्या मोठ्या संकेतस्थळाचे अंतिम मूल्यावरील शुल्कसुद्धा टपालखर्च आणि खरेदीदाराने भरलेला कर धरून एकूण रकमेवर आकारले जाते. चपलांचा एक जोड किंवा खेळण्यांचे खोके परदेशी पाठवताना टपालखर्च वस्तूच्या किमतीजवळ जातो, तेव्हा ही गोष्ट किरकोळ राहत नाही.

पुढचा टप्पा चलनबदलाचा, आणि माझ्या मते सगळ्यात झाकलेले शुल्क हेच आहे. वरच्याच उदाहरणात डॉलरचा बाजारभाव ८५ रुपये धरू आणि सेवा आपल्याला त्यापेक्षा ४ टक्के कमी, म्हणजे ८१ रुपये ६० पैसे दर देते असे धरू. उरलेल्या २६ डॉलर ४७ सेंटचे खात्यात जमा होतील सुमारे २,१६० रुपये. बाजारभावाने २८ डॉलरचे २,३८० रुपये झाले असते. २२० रुपयांची ही घट वस्तूच्या १,७०० रुपये किमतीच्या जवळजवळ १३ टक्के आहे, आणि लिलाव संकेतस्थळाचे स्वतःचे शुल्क यात अजून धरलेले नाही. दरपत्रकावर ४.४ टक्के वाचून व्यवहारात उतरलेल्या माणसाला यातले १३० रुपये शुल्काच्या रकान्यात सापडतात. उरलेले ९० रुपये कोणत्याच रकान्यात नसतात, कारण ते दरातच मुरलेले असतात.

ठरावीक रकमेचा काच लहान वस्तूंना बसतो. तीन डॉलरला सुटलेले तिकीट आणि चार डॉलर टपालखर्च, अशा व्यवहारात याच दराने सुमारे ६१ सेंट कापले जातात, म्हणजे वस्तूच्या किमतीचा पाचवा हिस्सा चलनबदलाच्या आधीच संपतो. तिकिटे विकणाऱ्यांनी एकेक तिकीट स्वतंत्र लिलावात लावण्यापेक्षा विषयवार संच करून एकाच लॉटमध्ये लावावेत, आणि एकाच खरेदीदाराने अनेक लॉट जिंकले असतील तर त्याला सगळ्यांचे मिळून एकच देयक पाठवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अनेक संकेतस्थळांवर अशा एकत्रित देयकाची सोय असते, पण खरेदीदाराने पैसे भरण्यापूर्वी ती वापरावी लागते.

दर पटत नसेल तर डॉलर साठवून ठेवावेत आणि भाव सुधारल्यावर रुपयांत बदलावेत, असे कोणालाही सुचेल. भारतातील विक्रेत्याला ही मुभा नाही. येथील पेपाल खात्यात निर्यातीचे पैसे साठवून ठेवता येत नाहीत, ते आपोआप बँक खात्याकडे पाठवले जातात आणि त्या पैशातून दुसरी खरेदीही करता येत नाही. निर्यातीची रक्कम देशात वेळेवर यावी हा रिझर्व्ह बँकेच्या नियमांमागचा हेतू योग्यच आहे. परंतु ज्याला थांबण्याची मोकळीक नाही, त्याला किमान कोणत्या दराने पैसे बदलले जाणार हे आधी कळले पाहिजे. बहुतेक सेवा तो दर दाखवतात, मात्र बाजारभावाशेजारी मांडून दाखवत नाहीत. ही तुलना आपल्यालाच करावी लागते. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते (जुलै २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक करीत असे). त्या दिवसाचा संदर्भ दर आणि आपल्याला मिळालेला दर शेजारी शेजारी लिहून ठेवण्याची सवय लावली, की दरात किती शुल्क दडलेले आहे हे एका महिन्यात उघड होते.

बेळगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माल घातलेल्या शेतकऱ्याच्या हाती व्यापारी हिशेबाची पट्टी देतो, तेव्हा तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे हे सगळे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असते. भाव पटला नाही तरी पैसे कुठे गेले हे कळते. पेमेंट सेवांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे, आणि मी वापरलेल्या सेवांपैकी एकीनेही ती पूर्णपणे पाळलेली नाही. काही सेवांत शुल्काचा तपशील मिळतो, पण तो व्यवहाराच्या पानावर न दिसता महिनाअखेरच्या वेगळ्या अहवालात असतो. काहींत केवळ निव्वळ रक्कम दिसते. एका सेवेने तर वर्षाअखेरीस खात्याच्या देखभालीचे शुल्क पुढच्या विक्रीच्या रकमेतून परस्पर वळते केले, आणि त्याचा उल्लेख शोधण्यासाठी इंग्रजीतील लांबलचक अटींच्या तळाशी जावे लागले.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही. सीमाभागातल्या कारागिराचे शिक्षण मराठीत किंवा कन्नडमध्ये झालेले असते. ॲपची बटणे हिंदीत, क्वचित मराठीतही दिसू लागली आहेत. पण शुल्काच्या अटी, रिफंडचे नियम आणि वादाची कार्यपद्धती जवळपास नेहमी इंग्रजीतच असतात. पैशाचे आमिष दाखवणारा मजकूर आपल्या भाषेत आणि पैसे कापण्याचा मजकूर परक्या भाषेत, ही विभागणी मला अन्यायाची वाटते. अथणी तालुक्यातला जो कारागीर चामड्याची वेणी डोळे झाकून घालू शकतो, त्याला रोलिंग रिझर्व्ह म्हणजे विक्रीचा काही भाग सेवा ठरावीक मुदतीपर्यंत अडवून ठेवणार, हे करार करण्यापूर्वी त्याच्या भाषेत समजले पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे चार जिल्हेही आहेत. त्या मानांकनामुळे परदेशी खरेदीदाराचा विश्वास वाढतो, पण वाढलेल्या किमतीतला वाटा कारागिराच्या हाती पडण्याआधीच गळू नये.

अडवून ठेवलेले पैसे हेही एक शुल्कच आहे, असे माझे मत आहे, जरी ते कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते. नव्या विक्रेत्याची रक्कम पार्सल पोहोचेपर्यंत किंवा २१ दिवसांपर्यंत रोखून धरण्याची पद्धत प्रचलित आहे. खरेदीदाराच्या संरक्षणासाठी ती समजण्यासारखी आहे. मात्र टपालखर्च विक्रेत्याने आधीच खिशातून भरलेला असतो, कातडे किंवा रंग उधारीवर आणलेले असतात, आणि त्या उधारीवरचे व्याज त्यालाच पडते.

रिफंडचा हिशेब तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. खरेदीदाराने वस्तू परत केली तर त्याला पूर्ण २८ डॉलर द्यावे लागतात. अनेक सेवा पहिल्या व्यवहाराचे शुल्क परत करीत नाहीत. त्यातच, येताना ८१ रुपये ६० पैशांनी विकलेले डॉलर परत करताना महाग दराने घ्यावे लागतात. तो दर बाजारभावापेक्षा ४ टक्के जास्त, म्हणजे ८८ रुपये ४० पैसे धरला, तर २८ डॉलरसाठी सुमारे २,४७५ रुपये मोजावे लागतील. हातात आले होते २,१६० रुपये. वस्तू परत आली, विक्री झालीच नाही, तरी ३१५ रुपये गेले, आणि टपालखर्च गेला तो वेगळाच. कार्डाने पैसे भरणारा खरेदीदार आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवून चार्जबॅक करू शकतो, म्हणजे भरलेले पैसे परत मागू शकतो, आणि त्यासाठीची मुदत कित्येक महिन्यांची असते. अशा वादाचे स्वतंत्र शुल्क विक्रेत्याकडून घेतले जाते. काही सेवा निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला तर ते परत देतात, काही देत नाहीत. खाते उघडण्यापूर्वी हे एक कलम तरी अवश्य वाचावे.

देशांतर्गत व्यवहारांचे चित्र बरेच चांगले आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाने होणाऱ्या भरण्यावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर (मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे भरणा स्वीकारण्याबद्दल व्यापाऱ्याला पडणारे शुल्क) घेतला जात नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यापाऱ्यासाठी इतर डेबिट कार्डांचा एमडीआर २०१८ पासून ०.४० टक्क्यांच्या मर्यादेत आहे, तर क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. गेटवे मात्र या सगळ्यांना मिळून सरसकट एकच दर सांगतात, बहुधा २ टक्क्यांच्या आसपास. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे २ टक्के म्हणजे प्रत्यक्षात २.३६ टक्के होतात, आणि १,५०० रुपयांच्या लॉटवर ३५ रुपये ४० पैसे कापले जातात. यूपीआयवर एमडीआर शून्य असूनही काही गेटवे त्याच भरण्यावर प्लॅटफॉर्म शुल्क या नावाने आकारणी करतात. ते बेकायदा आहे असे माझे म्हणणे नाही, कारण सॉफ्टवेअरची सेवा ते देतात. पण एकच दर सांगितल्याने विक्रेत्याला फुकट मिळणारी गोष्ट आणि पैशाची गोष्ट यांतला फरक दिसत नाही, आणि खरेदीदाराला यूपीआयने पैसे देण्याची विनंती करावी हेही त्याला सुचत नाही. पैसे त्याच दिवशी हवे असतील तर जलद सेटलमेंटसाठी आणखी शुल्क पडते. ते बटण ॲपमध्ये नेहमी ठळक जागी असते.

आमच्याकडच्या संग्राहकांच्या गटांत तिकिटांचे आणि नाण्यांचे लिलाव व्हॉट्सॲपवर चालतात आणि पैसे थेट बँक खात्याशी जोडलेल्या यूपीआयने येतात. शुल्काच्या दृष्टीने याहून स्वच्छ मार्ग नाही. त्यात खरेदीदाराला संरक्षण नाही, हे खरे. म्हणून तो ओळखीच्या गटापुरताच योग्य आहे.

सीमाभागाची एक खास अडचण करातून येते. निपाणीच्या विक्रेत्याला कागल जवळ, कोल्हापूर त्याच्या रोजच्या जाण्यायेण्यातले. त्याचे स्वाभाविक खरेदीदार कोल्हापूर, सांगली, पुणे येथे आहेत. करकायद्याच्या दृष्टीने मात्र ती आंतरराज्य विक्री ठरते. नोंदणीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ई-कॉमर्स संकेतस्थळावरून माल विकण्याची सवलत १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. त्यामुळे बेळगावहून हुबळीला विकताना जी मोकळीक आहे, ती चाळीस-पन्नास मिनिटांवरच्या महाराष्ट्रात विकताना नाही. नोंदणी, विवरणपत्रे आणि सल्लागाराची फी हा खर्च पेमेंट सेवेचा नसला, तरी ऑनलाइन लिलावाचा हिशेब करताना तो धरावाच लागतो. नोंदणी असल्याचा एक फायदा म्हणजे गेटवेच्या शुल्कावरील जीएसटीची वजावट नियमांनुसार घेता येते. हौशी विक्रेत्याला ती मिळत नाही.

जमा रकमेतील प्रत्येक कपात शुल्क नसते, हेही नोंदवायला हवे. ई-कॉमर्स संकेतस्थळे नोंदणीकृत विक्रेत्याच्या निव्वळ विक्रीवर जीएसटीपोटी ०.५ टक्के रक्कम गोळा करतात (१० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता), आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्के कपात होते, जी १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी १ टक्का होती. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विक्री असलेल्या आणि पॅन दिलेल्या व्यक्तीला या दुसऱ्या कपातीतून सूट आहे. या रकमा सरकारजमा होतात आणि विवरणपत्रात आपल्या नावावर दिसतात. त्या मागून घेता येतात. सेवेचे शुल्क परत येत नाही. म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकणारे अहवाल मी सदोष मानतो.

मोठ्या रकमेच्या परदेशी लॉटसाठी, उदाहरणार्थ काही शे डॉलरच्या संग्रहासाठी, मी थेट बँकेत पैसे मागवणे पसंत करतो. यात टक्केवारीचे शुल्क नसते. बँकेचे ठरावीक शुल्क, मधल्या परदेशी बँकेची कपात आणि चलनबदलावरील जीएसटी एवढे पडते. हा जीएसटी रकमेच्या ठरावीक भागावरच लागत असला तरी त्या भागाची किमान मर्यादा २५० रुपये असल्याने प्रत्येक वेळी किमान ४५ रुपये कर द्यावा लागतो. वीस डॉलरच्या व्यवहाराला हे परवडत नाही, पाचशे डॉलरला सहज परवडते. बँकेशी दराबाबत बोलताही येते, जे ॲपशी करता येत नाही. अडचण एवढीच की तालुक्याच्या गावातील शाखेत परकीय रकमेचे काम बहुधा होत नाही आणि कागद मोठ्या शाखेकडे जातात, त्यामुळे बेळगावात खाते असणाऱ्याला ते सोपे जाते. परकीय रक्कम आल्याचे प्रमाणपत्र बँकेकडून स्वतंत्रपणे मागावे लागते आणि त्याचेही शुल्क असू शकते. काही ऑनलाइन सेवा हेच विवरण महिन्याला विनामूल्य देतात, आणि ही त्यांची निःसंशय जमेची बाजू आहे.

खरेदीदाराला टप्प्याटप्प्याने किंमत वाढवून दाखवणे ही अनुचित प्रथा असल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. धंद्यासाठी सेवा घेणारा विक्रेता मात्र सहसा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायद्याने अपवाद केलेला आहे, आणि आपल्याकडचे अनेक कारागीर त्या अपवादात येऊ शकतील. बँकेने परकीय रकमेतून न सांगता कपात केली असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे विनामूल्य जाता येते. ही योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली असून टपालाने किंवा ईमेलने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारण्याची सोय तिच्यात करण्यात आली. मराठीत लिहिलेल्या तक्रारीसोबत त्या दिवसाचा संदर्भ दर, बँकेने दिलेला दर आणि जमा रकमेची नोंद असलेले पासबुकाचे पान जोडावे.